कुणाच्या नंबरची सुई?

गेल्या अंकात या सदरात सहा महिन्यांच्या बाळासाठी टोपड्याचा नमुना दिला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी एक बार्शीच्या एका भगिनीचे आहे. त्या लिहितात, ‘आपण सांगितल्याप्रमाणे ११२ टाके घातले, ओळ न् ओळ मोजून विणली; पण टोपडे नातवाच्या डोक्यावर न बसता आमच्या पाण्याच्या घागरीवर बरोबर बसले. चूक कोठे झाली ते कळवावे.’ पत्रासोबत त्यांनी विणलेला एक तुकडाही पाठवला आहे. तुकडा सुबक आहे, टाके एकसारखे आहेत. फक्त प्रत्येक टाक्यातून पलीकडचे अक्षर वाचता येते.

चूक त्या भगिनीची नाही, माझी आहे. नमुन्यात मी ‘सव्वातीनची सुई’ एवढेच लिहिले होते. माझ्या मनात सव्वातीन मिलिमीटर होते. त्यांनी दुकानात सव्वातीन मागितली; दुकानदाराने, सव्वातीन असा नंबर नसतो, तीन घ्या, म्हणून ३ नंबरची सुई दिली. आपल्याकडे मिळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सुयांत ३ नंबर म्हणजे साडेसहा मिलिमीटर जाडीची सुई. मला हवी होती त्याच्या बरोबर दुप्पट. चार पदरी बारीक लोकर त्या सोट्यावर विणली की १० सेंटीमीटरमध्ये २८ टाक्यांऐवजी जेमतेम १६ टाके बसतात. ११२ टाक्यांचे टोपडे ४० सेंटीमीटर घेराचे व्हायचे, ते ७० सेंटीमीटरचे झाले. घरातील सर्वांत मोठ्या डोक्याच्या आजोबांनाही ते सैल होईल.

म्हणून या वेळी नवा नमुना बाजूला ठेवून सुईच्या नंबराचा हा घोळ एकदाचा निस्तरावा, असे ठरवले आहे. पंचवीस-तीस वर्षे विणणाऱ्या भगिनींनाही नंबरांचे मूळ ठाऊक नसते. आईने ‘स्वेटरला नऊ नंबर घे’ म्हटले म्हणून आपण नऊ घेतो. ती नऊ कुठून आली हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते, आणि त्याची किंमत मामंजींच्या स्वेटरने चुकती केली. ती हकीकत पुढे येईलच.

आपल्या बाजारातल्या सुयांवर जो जुना नंबर असतो, तो ब्रिटिश पद्धतीचा आहे. या पद्धतीत नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. १४ नंबर म्हणजे २ मिमी, आणि १ नंबर म्हणजे साडेसात मिमी. हे उलटे का, याचे उत्तर तारेच्या कारखान्यात आहे. धातूची तार बारीक करायची तर ती एकामागून एक लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढतात. जितक्या अधिक वेळा ओढली तितकी ती बारीक, आणि तितका तिचा नंबर मोठा. ब्रिटनमध्ये १८८४ साली तारेच्या जाडीचे हे नंबर कायद्याने प्रमाणित झाले. विणण्याची पोलादी सुई म्हणजे शेवटी तारेचाच तुकडा. तिला तोच नंबर चिकटला. तारेच्या कोष्टकातील ८ नंबर ४.०६ मिमी भरतो, सुईचा ८ नंबर ४ मिमी. तारेचा १० नंबर ३.२५ मिमी, सुईचाही तेवढाच. ब्रिटनने पुढे मिलिमीटर स्वीकारले. आपण मात्र दुकानात जाऊन अजूनही ‘आठ नंबर’ आणि ‘दहा नंबर’च मागतो.

अमेरिकेने याच्या अगदी उलट वाट धरली. तिथे नंबर वाढेल तशी सुई जाड. तिथला ३ नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ६ नंबर म्हणजे ४ मिमी, ८ नंबर म्हणजे ५ मिमी. एक शिडी वर चढते, दुसरी खाली उतरते, आणि मध्ये एकाच पायरीवर दोघींची गाठ पडते. ७ नंबरची सुई दोन्हीकडे साडेचार मिमीचीच असते. अमेरिकन पुस्तकातून ७ नंबरवर विणलेली पहिली शाल ज्यांची बरोबर जमली, त्यांचा नंबर सगळीकडे सारखाच असतो असा पक्का समज होतो, आणि पुढच्या विणकामात त्या फसतात. माझे नेमके असेच झाले होते.

लग्नानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षाची ही गोष्ट. आमची सुताची पेढी इचलकरंजीत. मामंजी पहाटे साडेपाचला उठून सहाला पेढी उघडत. डिसेंबरात पंचगंगेकडून येणारा वारा अंगाला झोंबतो, आणि त्या वर्षी त्यांचा खोकला काही केल्या जाईना. वन्सं अमेरिकेहून येताना विणकामाचे एक पुस्तक घेऊन आल्या होत्या. त्यात पुरुषांचा, पुढून बटणांचा, साधा सुलट विणीचा स्वेटर होता. मी हौसेने लुधियानाची तपकिरी लोकर आणली, ८ नंबरच्या सुया घरात होत्याच, आणि पाठीचे ९० टाके घातले. पुस्तकात सुई ८ नंबर, टाके ९०, तयार माप पाठीला ५० सेंटीमीटर, म्हणजे सगळा घेर १०० सेंटीमीटर. मामंजींची छाती ३६ इंच, म्हणजे साधारण ९१ सेंटीमीटर. वर थोडी मोकळीक राहील, असा माझा हिशोब होता.

माझ्या ८ नंबरवर १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके पडत होते, पुस्तकातल्या ८ नंबरवर १८. पाठ ५० ऐवजी ४१ सेंटीमीटरची होत होती, आणि मला ते कळले नाही. कारण लांबी मी पट्टीने मोजत होते. पुस्तकात ‘अमुक सेंटीमीटर होईपर्यंत विणा’ असेच लिहिलेले असते. रुंदी मात्र टाक्यांच्या आकड्यावर सोपवलेली असते, आणि टाके तर मी दहादा मोजले होते. सुईवर गोळा झालेले विणकाम नेहमीच अरुंद दिसते, म्हणून डोळ्यांनाही शंका आली नाही. सगळे भाग जोडून स्वेटर मामंजींच्या अंगावर चढवला, तेव्हा बटणे आणि काजी यांच्यात चार बोटांचे अंतर राहिले.

मामंजी काही बोलले नाहीत. तो हिवाळाभर त्यांनी तो स्वेटर बटणे न लावता घातला. गिऱ्हाइकाने विचारलेच तर सांगत, ‘सूनबाईंनी मापातच विणला होता, मधल्या काळात मी सुटलो.’ मला मात्र जेवण गोड लागेना. संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी मी पुस्तक घेऊन पेढीत गेले आणि माझे काय चुकले ते त्यांनाच विचारले. विणकामातले त्यांना काही ठाऊक नव्हते. पण नंबरांत त्यांची हयात गेली होती.

त्यांनी गादीवर दोन कोन ठेवले. एक सुती, चाळीस नंबरचा. दुसरा पॉलिएस्टरचा, दीडशे डेनिअरचा. म्हणाले, ‘सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. चाळीस नंबर म्हणजे चाळीस लड्या. जितक्या लड्या जास्त तितके सूत बारीक. आणि डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे वजन किती ग्रॅम भरते तो आकडा. वजन जास्त तर धागा जाड. एकात आकडा वाढला की माल बारीक, दुसऱ्यात आकडा वाढला की माल जाड. दोन्ही आपल्याच पेढीवर, एकाच वहीत. भाव सांगण्याआधी हा नंबर कुणाचा, हे विचारले नाही तर महिनाभरात दिवाळे निघेल. तुमच्या पुस्तकातला आठ कुणाचा आहे?’

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, सुयांचे कोष्टक होते. अमेरिकन ८, मिलिमीटर ५. मी ते पान तोवर उघडलेही नव्हते.

चैत्रात स्वेटर उसवला. उसवलेली लोकर शेवयांसारखी वाकडीतिकडी होते. तशीच विणली तर टाके डुगडुगतात. तिच्या लड्या करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून, खाली हलके वजन लावून सावलीत वाळवाव्या लागतात. शुद्ध लोकर अशाने पुष्कळशी सरळ होते, कृत्रिम धागा तितकासा होत नाही. दुसऱ्यांदा मी सुई तीच, आपली ८ नंबर, ठेवली आणि टाके बदलले. १० सेंटीमीटरमध्ये २२, तर ५० सेंटीमीटरमध्ये ११०. एवढे साधे गणित. पण घेर वाढला म्हणजे लोकरही सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त लागली, आणि तोवर त्या रंगाची तीच लॉट बाजारातून संपली होती. म्हणून बाह्यांच्या कडा आणि गळपट्टी गडद तपकिरी आहेत. तो स्वेटर अजून कपाटात आहे. त्याची कोपरे दोनदा रफू झाली आहेत.

आता कामाचे. ब्रिटिश नंबर आणि मिलिमीटर यांची सांगड अशी: १४ नंबर २ मिमी, १२ नंबर पावणेतीन, ११ नंबर ३, १० नंबर सव्वातीन, ९ नंबर पावणेचार, ८ नंबर ४, ७ नंबर साडेचार, ६ नंबर ५, ५ नंबर साडेपाच, ४ नंबर ६, आणि ३ नंबर साडेसहा मिमी. एवढे कागदावर उतरवून सुयांच्या डब्यात ठेवावे. सुईवरचा आकडा पुसला गेला असेल तर सुया मोजण्याची भोकांची पट्टी मिळते; ती नसेल तर ज्यांचा नंबर नक्की ठाऊक आहे अशा सुया एका जाड पुठ्ठ्यातून आरपार घालून भोके पाडावीत आणि शेजारी मिलिमीटर लिहावेत. अनोळखी सुई ज्या भोकात न अडखळता आणि न डुगडुगता जाते, ते तिचे माप. सुईच्या टोकाकडचा निमुळता भाग मोजायचा नाही. टाका ज्या भागावर बसतो तो सरळ भाग मोजायचा.

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ज्या पोनी छापाच्या सुया असतात, त्या निलगिरीत, उटीजवळच्या केट्टी गावी तयार होतात. ज्या घरांत मुले सी.ए. किंवा कंपनी सेक्रेटरीची परीक्षा देत आहेत, त्यांनी त्यांना विचारून पाहावे. भागधारकांच्या हक्कांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९८१ सालचा जो निवाडा ती मुले पाठ करतात, तो याच सुयांच्या कंपनीचा. आईच्या सुयांच्या डब्याकडे मुलाने आदराने पाहावे, एवढ्यापुरता हा उल्लेख.

लोकरीकडे वळू. गुंडीच्या वेष्टनावर ‘तीन पदरी’, ‘चार पदरी’, ‘डबल निटिंग’ असे लिहिलेले असते. पदर म्हणजे एकत्र पिळलेल्या धाग्यांची संख्या. पण एक पदर किती जाड, हे त्यातून कळत नाही. दोन जाड पदरांची लोकर चार बारीक पदरांच्या लोकरीहून जाड असू शकते. त्यामुळे पदराचा शब्द हा आता जाडीच्या वर्गाचे नाव म्हणून उरला आहे, मोजणी म्हणून नव्हे. चार पदरी वर्गातल्या लोकरीला सव्वातीन मिमी सुई, म्हणजे आपली १० नंबर, आणि त्यावर १० सेंटीमीटरला सुमारे २८ टाके. डबल निटिंगला ४ मिमी, ८ नंबर, आणि २२ टाके. त्याहून जाड, ज्याला आरान म्हणतात, तिला ५ मिमी, ६ नंबर, १८ टाके. मफलर-टोप्यांच्या लठ्ठ लोकरीला ६ किंवा साडेसहा मिमी, आणि १४-१५ टाके. बाळाच्या नाजूक तीन पदरी लोकरीला ३ मिमी, ११ नंबर, पुरे. बार्शीच्या घागरीला टोपी घालणारी ३ नंबरची सुई खरी या लठ्ठ लोकरीसाठी.

वेष्टन हरवलेली लोकर प्रत्येक घरात असते. विशेषतः सासूबाईंच्या पेटीतली, जिचा रंग सुंदर आणि नाव-गाव अज्ञात. तिच्यासाठी मोजपट्टीवर एक इंचात लोकरीचे वेढे शेजारी शेजारी, न ताणता आणि न दाबता, गुंडाळून मोजावेत. चौदाच्या आसपास वेढे बसले तर चार पदरी, अकरा-बारा बसले तर डबल निटिंग, नऊच्या सुमारास आरान, सात-आठ म्हणजे लठ्ठ. हा अंदाजच आहे. वेढे ताणून घेतले तर आकडा बदलतो, म्हणून तीनदा घ्यावेत.

वेष्टनावर छापलेली सुई हीसुद्धा सूचनाच असते. ती छापणाऱ्याला तुमचा हात ठाऊक नसतो. एकच लोकर आणि एकच सुई दोघी बहिणींना दिली तरी एकीचे २४ टाके पडतात आणि दुसरीचे २०. हात घट्ट की सैल, हा लिहिण्याच्या अक्षरासारखा ज्याचा त्याचा असतो. नवशिक्या भगिनी माप चुकले की हात सैल सोडून विणण्याचा निश्चय करतात. तो निश्चय दोन ओळी टिकतो. टीव्हीवर मालिका सुरू झाली की हात मूळ पदावर येतो आणि स्वेटरात पट्टे दिसतात. हात बदलू नये, सुई बदलावी. १० सेंटीमीटरमध्ये टाके जास्त पडत असतील तर एक माप जाड सुई, कमी पडत असतील तर एक माप बारीक.

आणि हे कळण्यासाठी आधी तुकडा विणावा लागतो. मला ठाऊक आहे, हे वाचून निम्म्या भगिनी पान उलटणार. तरीही. तीस टाके घालून चाळीस ओळी विणाव्यात, टाके मिटवावेत, तुकडा पाण्यातून काढावा, आडवा पसरून वाळवावा आणि मग मधले १० सेंटीमीटर टाचण्या लावून मोजावेत. कडेचे दोन-तीन टाके नेहमी खोटे बोलतात, म्हणून मधले. धुतल्याशिवाय मोजलेला तुकडा निरुपयोगी. लोकर पाण्यात फुलते, सूत बसते. अर्ध्या तासाचे हे काम. त्यात दोन टाक्यांचा फरक सापडला तर तो किती मोठा असतो पाहा. २२ च्या जागी २४ पडत असतील तर ११० टाक्यांची पाठ ५० सेंटीमीटरऐवजी ४६ सेंटीमीटरचीही भरत नाही. दोन्ही बाजू मिळून घेरात आठ सेंटीमीटर गेले.

स्वेटराची खालची पट्टी आणि मनगटे, एक सुलट एक उलट, ही अंगाच्या सुईपेक्षा दोन नंबरांनी बारीक सुईवर विणायची असतात. अंग ८ वर तर पट्टी १० वर. अंग १० वर तर पट्टी १२ वर. एकाच सुईवर दोन्ही विणले तर पट्टी दोन धुण्यांत झालरीसारखी उघडते.

धाग्याचा स्वभाव पाहूनही सुई थोडी इकडेतिकडे करावी लागते. सुती धाग्याला लवचीकता नाही आणि वजन अधिक. वापरून तो खाली ओघळतो, म्हणून अर्धा मिमी बारीक सुई बरी. मोज्यांना आणि हातमोज्यांना घट्ट वीण हवी, नाही तर टाच महिनाभरात उघडी पडते. उलट जाळीदार शालीला बारीक दोन पदरी लोकर आणि ४ मिमीची सुई असा मुद्दाम विजोड घ्यावा, म्हणजे नक्षी उमलते. केसाळ मोहेरला तर आणखी जाड, ५ मिमीपर्यंत. तिचे केस मधल्या जागा भरून काढतात. ॲक्रिलिकला मात्र सुई कोणतीही घ्या, पण नंतर इस्त्रीपासून लांब ठेवा. एकदा गरम इस्त्री लागली की तिची उभारी कायमची मरते. ती परत आणण्याचा उपाय नाही. आणि हल्ली महागड्या गुंड्यांत लोकरीबरोबर रेशमाचे मिश्रण सर्रास असते. आपल्यातल्या बऱ्याच घरांत रेशीम वापरत नाहीत. त्यांनी नाव पाहून नव्हे, वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून घ्यावे. तिथेच रंगाची लॉटही छापलेली असते. तीही पाहून, एक गुंडी जास्तच घ्यावी. गडद गळपट्टीची गोष्ट वर सांगितलीच आहे.

सुई पोलादी, ॲल्युमिनियमची की बांबूची, याचाही परिणाम होतो. धातूवर टाके सरसर सरकतात, बांबूवर अडतात. घसरड्या ॲक्रिलिकवर शिकणाऱ्या मुलीच्या हाती बांबूची सुई द्यावी. टाके गळून रडारड होत नाही. पण तुकडा बांबूवर विणला असेल तर स्वेटरही बांबूवरच विणावा, कारण सुईची जात बदलली की त्याच हाताचे टाके बदलतात.

क्रोशाचे शास्त्र थोडे वेगळे. विणकामात टाक्यांची रांग सुईवर थांबलेली असते. क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर असतो आणि तो सुईच्या दांड्याइतका मोठा होतो. म्हणून आकड्याच्या सुईची जाडी मोजायची ती आकड्याच्या खाचेजवळ नव्हे, त्यामागच्या सरळ दांड्याची. क्रोशाची वीण जात्याच जाड आणि ताठ होते. त्यामुळे त्याच लोकरीला विणकामाच्या सुईपेक्षा अर्ध्या मिमीने जाड आकडा घेतला तर कापड मऊ पडते. डबल निटिंगला ४ ते साडेचार मिमी, आरानला ५ ते साडेपाच. कापसाने भरायची खेळणी विणताना याच्या उलट करावे. डबल निटिंगलाही अडीच-तीन मिमीचा आकडा घ्यावा, नाही तर हत्तीच्या पोटातून कापूस डोकावतो. अमेरिकन आकड्यांवर नंबराऐवजी इंग्रजी अक्षरे असतात. ‘जी’ म्हणजे ४ मिमी, ‘एच’ म्हणजे ५ मिमी.

तोरणे, रुमाल आणि टीपॉयवरचे जाळीदार आच्छादन यांसाठी आपण जो क्रोशाचा दोरा वापरतो, त्याचा नंबर सुतासारखा चालतो: १० नंबर जाड, २० मध्यम, ४० बारीक, ६० केसासारखा. १० नंबरच्या दोऱ्याला दीड मिमीच्या आसपासची पोलादी सुई, २० नंबरला १ ते सव्वा मिमी, ४० नंबरला पाऊण ते १ मिमी. पोलादी सुयांवरही नंबर असतात, आणि तेही वाढत जाताना बारीक होतात. पण इथे एका कारखान्याचा नंबर दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. सुई घेताना मिलिमीटर छापलेले पाहूनच घ्यावी.

सुरुवातीची साखळी घट्ट येऊन रुमालाची एक कड आत ओढली जाते, अशी तक्रार दर दोन महिन्यांनी येते. साखळीपुरता एक माप जाड आकडा वापरावा आणि पहिल्या ओळीला नेहमीचा घ्यावा. एवढ्याने कड सरळ येते.

इंग्रजी पुस्तकातून क्रोशा करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा सांगून ठेवते. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ आणि अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ हे दोन्ही आपला मुका खांबच. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे आपला खांब, ज्याला ब्रिटिश ‘ट्रेबल’ म्हणतात. पुस्तक कुठे छापले आहे हे पाहिले नाही तर रुमाल निम्म्या उंचीचा होतो किंवा दुप्पट. आपल्या आज्यांनी खांब, अर्धा खांब, मुका खांब अशी नावे पाडली. त्यांत हा गोंधळ नाही. पत्र लिहिताना कृपया तीच नावे वापरावीत, म्हणजे मला उत्तर देणे सोपे जाईल.

आता गेल्या अंकातील टोपड्याची दुरुस्ती. लोकर चार पदरी, सुमारे ५० ग्रॅम. पट्टीसाठी १२ नंबर, म्हणजे पावणेतीन मिमीची सुई. अंगासाठी १० नंबर, म्हणजे ३.२५ मिमीची. टाके ११२. अंगाच्या सुईवर १० सेंटीमीटरमध्ये २८ टाके पडले पाहिजेत. ३० पडत असतील तर साडेतीन मिमीची सुई घ्यावी, २६ पडत असतील तर ३ मिमीची. बार्शीच्या भगिनीने मोठे टोपडे उसवून तीच लोकर वर सांगितल्याप्रमाणे धुऊन वापरली तरी चालेल. लहान टोपड्याला ती पुरून उरेल, आणि उरलेल्या लोकरीत बाळाचे मोजे होतील. मोज्याची टाच कशी वळवायची, ते पुढील अंकात. त्यासाठी १२ नंबरच्या, दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या चार सुया आणून ठेवाव्यात. मिलिमीटर पाहून, पावणेतीनच्या.